तीन तारांवरची डोलकाठी

१४ जानेवारी, रविवार. सकाळी ११

नवी वही काढली. कारण: होडीची सुरक्षा. ही वही कोणालाही दाखवायची नाही, बायकोला, हिल्काला, तर मुळीच नाही.

आधी मागचं लिहून ठेवतो म्हणजे डोकं मोकळं होईल. सप्टेंबरात आमची होडी उलटली. दोन पोटांची, म्हणजे दोन अरुंद होड्या शेजारी-शेजारी जोडल्यासारखी, अठरा फुटी, आजवर कधी न उलटलेली. कारण: तार. डोलकाठी उभी राहते ती तीन तारांवर, एक पुढे, दोन बाजूंना. डावीकडची ढिली पडली असणार. त्यामुळे डोलकाठी कलली, शीड भरलं आणि आम्ही आडवे झालो. हिल्का दीड मिनिट शिडाखाली पाण्यात होती. शिडाचा दोर माझ्या हातात होता. अशा वेळी तो सोडून शिडातला वारा जाऊ द्यायचा असतो असं लोक म्हणतात. पण तारच ढिली असताना दोर सोडून काय होणार होतं?

दीड मिनिट हे मी मागाहून काढलं. तेव्हा मोजलं नव्हतं.

संकल्प: या वर्षी तिन्ही तारांची रीतसर तपासणी. मी नगरपालिकेत खेळाच्या मैदानांचा निरीक्षक आहे. एकवीस वर्षांत माझ्या सहीच्या एकाही घसरगुंडीवर कोणाला ओरखड्यापलीकडे काही झालेलं नाही. तपासणी मला शिकवू नये.

११ फेब्रुवारी, रविवार

हिल्काने जूनच्या बेटफेरीचा, म्हणजे बेटाला वळसा घालून यायच्या शर्यतीचा, अर्ज भरून टाकला. मला न विचारता. म्हणजे विचारलं होतं, पण मी तेव्हा नळ दुरुस्त करत होतो आणि 'हं' म्हणालो. अर्जावर लिहिलंय: सुकाणूवर सीब्रन, म्हणजे मी, तारेवर हिल्का. तारेवर म्हणजे ही कमरेचा पट्टा डोलकाठीवरून लोंबणाऱ्या एका वेगळ्या तारेला अडकवून होडीच्या कडेबाहेर उभी राहणार, पाठ पाण्याकडे. पन्नासाव्या वर्षी. आणि तिचा जीव माझ्या हातात.

म्हणजे तारेच्या हातात.

जेवण गेलं नाही. खारट ज्येष्ठमधाच्या गोळ्या खाल्ल्या. साधारण वीस.

१० मार्च, रविवार

सासऱ्यांचा ऐंशीवा वाढदिवस. सगळे भिंतीला खुर्च्या लावून गोल बसलेले. पद्धतीप्रमाणे प्रत्येकाने माझंही अभिनंदन केलं, सासरा ऐंशीचा झाल्याबद्दल. मी आभार मानले.

डाऊवे, म्हणजे सासरे, यांनी याच होडीतून बेटाला सतरा फेऱ्या मारल्यात. मग होडी हिल्काला दिली. केक तोंडात ठेवूनच सगळ्यांसमोर म्हणाले, काय जावईबुवा, यंदा काठी वर राहणार का? सगळे हसले. मी शांतपणे सांगितलं की तारा तपासणीत पास झाल्या तर मी सुकाणू धरेन, नाहीतर नाही. सुरक्षेपुढे सासरवाडी नाही. त्यावर ते म्हणाले की तारांना मी ओळखतो, त्या पास होतील, परीक्षेला दुसरं कोणी बसलंय का ते बघा. हिल्का खिडकीबाहेर बघत होती.

काय म्हणायचं होतं त्यांना कळलं नाही. वय झालंय.

६ एप्रिल, शनिवार

होडी गोदामातून समुद्रकाठच्या वाळूवर आणली. ट्रॅक्टरवाल्याने ओढली, मी मागून चालत तारांवर नजर ठेवून होतो. डोलकाठी उभी केली. किती उंच असते ती! गेल्या वर्षी एवढी उंच होती का?

तपासणीची पद्धत ठरवली. प्रत्येक तार म्हणजे एकोणीस बारीक तारा पिळून केलेली. त्यातली एक जरी तुटली तरी तिचं टोक बाहेर येतं, म्हणून वरून खाली कापड फिरवायचं. अडकलं तर दोष. कापड म्हणून हिल्काचा नायलॉनचा पायमोजा घेतला. तिच्या कपाटात बरेच आहेत.

मोजा डाव्या तारेवर अडकला! वाळूवर बसलो. नंतर दिसलं की माझ्या अंगठ्याचं नख अडकलंय.

पण धोक्याची जागा खाली आहे. जिथे तार दाबून बसवलेल्या नळीत शिरते, तिथे. बाहेरून काही दिसत नाही. तेव्हा हातानेच ओळखायला हवं. रोज संध्याकाळी ऑफिसनंतर यायचं आणि तार नळीच्या तोंडाशी धरून दहादा डावीकडे, दहादा उजवीकडे वाकवायची. कुरकुरली तर दोष. झोपाळ्याच्या साखळ्या मी अशाच तपासतो.

आज कुरकुरली नाही. बरं वाटलं. थोडं वाईटही वाटलं. का ते कळलं नाही.

२७ एप्रिल, शनिवार. राजाचा वाढदिवस

सगळं गाव नारिंगी कपड्यांत, रस्त्यावर चादरी पसरून घरातली अडगळ विकत होतं. एका विधवा बाईंकडे पोस्टाची तिकिटं बघायचं भिंग मिळालं. दहापट मोठं दिसतं. बाई म्हणाल्या, यांनी चाळीस वर्षं वापरलं, पण त्यांना हवं ते तिकीट काही सापडलं नाही. मी म्हटलं की मला जे हवंय ते सापडू नये म्हणूनच मी शोधतोय. त्यांनी भिंग कागदात गुंडाळून दिलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

तसाच वाळूवर गेलो. भिंगातून पाहिलं आणि पाचावर धारण बसली. पुढच्या तारेला मोठी काळी चीर. आडवी, वाकडी, भयंकर. धावत जाऊन होडीवाल्यांच्या क्लबातून डाऊवेंना घेऊन आलो. त्यांनी बोटाने चीर उचलली. माझ्या पापणीचा केस होता.

म्हणाले, जावईबुवा, घरी जाऊन नारिंगी टोपी घाला आणि बिअर प्या.

वाकवणं केलं. आता वीसदा डावीकडे, वीसदा उजवीकडे. भिंगाने माझी खात्री वाढायच्या ऐवजी कमी झालीय.

१२ मे, रविवार

हिल्का चार आठवडे पाण्यात जाऊया म्हणतेय. पहिल्या रविवारी वारा जास्त होता. दुसऱ्या रविवारी कमी होता, आणि कमी वाऱ्यात तारेवर ताण येत नाही, दोष झाकला जातो, म्हणजे ते जास्तच धोक्याचं. तिसऱ्या रविवारी पाठ दुखत होती. हे खरं आहे, वाकवून वाकवून.

आज वारा अगदी नेमका होता. मी म्हटलं, भरतीची वेळ बरोबर नाही. ती म्हणाली की तिने तक्ता पाहिलाय, बरोबर आहे. मी म्हटलं, तक्ता मागच्या वर्षीचा असेल. ती सायकल घेऊन गेली आणि तासाने हेरिंग मासा आणि कांदा घेऊन परत आली. एकाच माणसापुरतं.

मला राग नाही. सुरक्षेच्या कामात माणूस एकटाच पडतो.

२५ मे, शनिवार

पाण्यात गेलो! यश.

वारा बाराच्या मापावर दोनचा, म्हणजे अगदी मंद, समुद्र ताटासारखा सपाट. सुकाणू माझ्याकडे. दोर इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली. हिल्काने पट्टा तारेला अडकवला आणि कडेबाहेर उभी राहिली. तिचे पाय दिसत होते, बाकी सगळी बाहेर हवेत. डोळ्यांसमोर फक्त सप्टेंबरचं पांढरं शीड, सपाट पडलेलं, आणि त्याच्याखाली काही हलतंय का ते बघत असलेला मी.

तेवढ्यात वरून आवाज. कुंऽऽई. बारीक, लांबट. तार! मी तिथल्या तिथे होडी फिरवली. अकरा मिनिटांत वाळूवर.

तार तपासली. काही नाही. मग हिल्काने सांगितलं की ती गुणगुणत होती. हेही सांगितलं की खूप दिवसांनी तिला गुणगुणावंसं वाटलं होतं.

संध्याकाळी वाकवणं: तीस-तीस. जे कानाला सापडत नाही ते हाताला सापडेल.

९ जून, रविवार

क्लबात कॉफी. बिस्किटाचा डबा एकदा फिरला, प्रत्येकी एक, की झाकण बंद. तेवढ्या वेळात लीस्बेथने विषय काढला. ही दाताच्या डॉक्टरांकडे मदतनीस आहे, होडी पुरुषासारखी हाकते, आणि तोंड बंद ठेवायला तिला फक्त पेशंटच सांगू शकतात, तेही तोंड उघडं असल्यामुळे सांगत नाहीत. म्हणाली, सीब्रन, रोज संध्याकाळी तू त्या तारेशी काय करतोस रे? आम्ही इथून खिडकीतून बघतो. हिल्काचा जळफळाट होत असेल.

सगळे हसले. हिल्काही हसली, पण कप लगेच खाली ठेवला.

मी समजावून सांगायला लागलो की नळीच्या तोंडाशी तार वाकवून... पण तोवर लोक फुटबॉलवर गेले होते. कोणी नीट ऐकून घेतच नाही.

१९ जून, बुधवार. संध्याकाळी ७

हिल्का लीस्बेथबरोबर पाण्यात गेली. आमच्या होडीत. मला चिठ्ठी: 'सरावाला जातेय. सूप फ्रिजमध्ये आहे.'

वारा पाचचा. वाळूच्या टेकाडावर दुर्बीण घेऊन बसलो. लीस्बेथ सुकाणूवर, हिल्का तारेवर, पूर्ण बाहेर, डोकं मागे. एक पोट पाण्याबाहेर उचललेलं. मी मोठ्याने दोर सोड, दोर सोड असं ओरडत होतो. शेजारी कुत्रा फिरवणारे गृहस्थ म्हणाले की एवढ्या लांबून ऐकू जाणार नाही. मी म्हटलं, मला माहीत आहे. ते म्हणाले, मग? मी पुन्हा ओरडलो.

परत आल्या. दोघी भिजलेल्या, लालबुंद, एकमेकींच्या पाठीवर थापा मारताहेत. गोळ्यांची पिशवी रिकामी. जिवात जीव आला, आणि मग एवढी शरम वाटली की सूप गरम न करताच प्यालो.

निर्णय: बेटफेरी मीच करणार. तारा शंभर टक्के ठीक असल्याची खात्री झाली की लगेच.

२२ जून, शनिवार

सापडली!!

मोजा अडकला. या वेळी नख नव्हे. डावी तार, खाली, नळीच्या अगदी तोंडाशी. भिंगाने पाहिलं: एकोणीसपैकी तीन तुटलेल्या. तीन! मी म्हणतच होतो! सप्टेंबरपासून म्हणत होतो!

घरी पळालो. हिल्काला सांगितलं की आता तरी पटलं ना, दोष तारेचाच होता. ती म्हणाली, दाखव. येऊन बघितलं, हात लावला. मग म्हणाली की बाबांना बोलावते.

आज पहिल्यांदाच पोटभर जेवलो. बटाटे दोनदा घेतले. दुकानाला तक्रारीचं पत्र लिहून ठेवलंय, दीड पान. तार तीन वर्षांपूर्वी तिथूनच घेतली होती. 'तुमच्या मालामुळे माझी पत्नी' इथपर्यंत आलोय, पुढचं वाक्य जमत नाहीये.

२३ जून, रविवार

डाऊवे आले. चष्मा कपाळावर सरकवून तार नाकाजवळ धरली. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले की ही गंजून तुटलेली नाही. गंजली असती तर टोकं तपकिरी असती. ही चकचकीत आहेत. ही नवी तुटलीय, आणि ओढून नाही, वाकवून. दार अडकवायची तार आपण हाताने तोडतो ना, इकडे तिकडे, इकडे तिकडे, अगदी तशी.

कोणी वाकवली, असं विचारलं.

मी म्हटलं, सील.

ते माझ्याकडे बघत राहिले. मी स्पष्ट केलं की उन्हात सील वाळूवर येतात, एखादा लठ्ठ सील तारेवर रेलला असेल, वारंवार. डाऊवे म्हणाले, सील. मी म्हटलं, हो. त्यांनी आभाळाकडे पाहिलं, मग समुद्राकडे, आणि मग हळूच विचारलं, बुधवारी पोरी याच तारेच्या भरवशावर बाहेर होत्या ना?

मी हो म्हणालो असेन. आठवत नाही.

ते म्हणाले, अजून दोन तुटल्या असत्या तर काठी खाली. आणि तारेवर उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यात.

त्यांच्या डब्यात न वापरलेल्या तारांचा एक जुना संच होता. तोच लावला. तिन्ही बदलल्या. मी पाना देत होतो. पाना माझ्या हातून दोनदा वाळूत पडला. डाऊवेंनी उचलला, पुसला, आणि म्हणाले, द्या इकडे, जावईबुवा, तुम्ही बसा.

२५ जून, मंगळवार

दुकानाचं पत्र फाडलं.

हिशोब केला. सहा एप्रिलपासून रोज, सुट्ट्या धरून. आकडा लिहीत नाही.

बुधवार डोळ्यांसमोरून जात नाही. ती बाहेर उभी, डोकं मागे टाकलेलं, हसत. आणि ती ज्या तारेच्या भरवशावर उभी होती, ती मी स्वतःच्या हातांनी तोडत आणली होती. रोज संध्याकाळी. तिच्या काळजीपोटी.

ऑफिसात एका झोपाळ्याची साखळी तपासायची होती. हातच लावू शकलो नाही. सहकाऱ्याला पाठवलं.

२६ जून, बुधवार

बोलायचं ठरवलं. न्याहारीला नको, घाई असते. जेवताना नको, तिला पचत नाही. चहाच्या वेळी ती बागेत होती आणि शेजारीण कुंपणापाशी उभी. उद्या.

२७ जून, गुरुवार

पाऊस. उद्या.

२८ जून, शुक्रवार. सकाळी ९

बोललो.

ती पावावर लोणी लावून चॉकलेटचा चुरा टाकत होती. मी आधी सप्टेंबरचं सांगितलं. मोठं आधी, छोटं मागाहून, असा बेत होता. म्हटलं की हिल्का, तार ढिली नव्हती. झुळूक आली तेव्हा मी दोर सोडायला हवा होता. सोडला नाही. घाबरलो आणि धरूनच बसलो. तू शिडाखाली होतीस तेव्हाही धरून बसलो होतो.

ती चुरा टाकतच राहिली. म्हणाली की तिला माहीत आहे. शिडाखालून बाहेर आल्यावर दोर माझ्या मुठीतून तिनेच सोडवला होता, एकेक बोट उघडून. मला ते आठवतही नाही. म्हणाली, सीब्रन, अख्ख्या क्लबाला माहीत आहे, वाळूवर चाळीस माणसं उभी होती. वेडा आहेस का? नऊ महिने मी वाट बघतेय की तू एकदा तोंडाने म्हणशील, मी घाबरलो. एवढंच म्हणायचं होतं. मग आपण दोघं गेलो असतो, छोट्या वाऱ्यात, सोडायचं शिकायला. तर तू जाऊन तारेशी संसार मांडलास!

मला रडूच आलं. इतकं हलकं वाटलं की त्याच भरात छोटंही सांगून टाकलं. तीन तुटल्या त्या माझ्यामुळे. मीच वाकवत होतो. सील नव्हता.

हिल्काने सुरी खाली ठेवली.

हे तिला माहीत नव्हतं. डाऊवेंनी सांगितलं नव्हतं.

तिने विचारलं, कधीपासून. मी म्हटलं, एप्रिलपासून. तिने विचारलं, त्या बुधवारच्या आधीही? मी मान डोलावली. तिने विचारलं, आदल्या दिवशीही? मी म्हटलं, हो, मंगळवारी तीस-तीस.

ती उठली, कप घेतला आणि बागेत गेली. पाव तसाच. मी खिडकीतून बघतोय. पाठमोरी उभी आहे. कप तोंडाला लावलेला नाही.

कोणतं मोठं आणि कोणतं छोटं, हेही मला कळलं नव्हतं.

दुपारी २

हिल्काने अर्जावरचं नाव बदललं. सुकाणूवर लीस्बेथ. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच जास्त लाज वाटतेय.

२९ जून, शनिवार. बेटफेरी

वारा चारचा. सत्तर होड्या. माझं काम: होडीखालची चाकं. होडी चाकांवरून पाण्यात न्यायची, ती तरंगली की चाकं ओढून वाळूवर ठेवायची, आणि परत आल्यावर पुन्हा खाली लावायची. यापेक्षा सोपं काम त्या वाळूवर नव्हतं. आणखी एक काम होतं, सँडविच धरायचं, ते डाऊवेंकडे गेलं.

कालपासून हिल्का माझ्याशी फक्त वस्तूंबद्दल बोलत होती. चाकं, टॉवेल, पाणी. पाण्यात उतरायच्या आधी थांबली. पट्टा आवळला, तार हातात घेतली, अडकवली नाही. मग सगळ्यांसमोर म्हणाली, सीब्रन, तपास. हात पाठीमागे घे आणि तपास.

लीस्बेथ सुकाणू सोडून बाजूला झाली.

मी हात पाठीमागे बांधले. होडीभोवती फिरलो. पुढची तार, उजवी, डावी. नळ्या. खिळे. खिळ्यांतल्या कड्या. भिंग नाही, मोजा नाही. वाकून, मान तिरकी करून, नाक लावून. दहा मिनिटं लागली असतील. मागे होड्या चालल्या होत्या. मला भीती वाटत होती, अगदी नेहमीएवढीच, पण ती मी तशीच ठेवली, कोणावर ढकलली नाही. मग म्हटलं, ठीक आहे. आणि लगेच म्हटलं, मला भीती वाटतेय.

हिल्का म्हणाली, मलाही. आणि पट्टा तारेला अडकवला.

गेल्या.

साडेचार तास. दुर्बीण घरी ठेवून आलो होतो. डाऊवेंनी दोन्ही सँडविच खाल्ली आणि झोपले. चाकं वाळूवर ओढून ठेवल्यावर मी पुन्हा हात पाठीमागे बांधून पाण्याच्या कडेला उभा. नळ्या, खिळे, कड्या मनात पुन्हा पुन्हा पाहत होतो. होड्या परतायला लागल्या. एक, चार, नऊ. बाविसावी आमची. काठी सरळ. हिल्का कडेबाहेर उभी.

मी धावत पाण्यात गेलो. कमरेपर्यंत, छातीपर्यंत. हिल्काने हाक मारली. वाऱ्यात आधी कळलं नाही. ती विचारत होती, चाकं कुठे आहेत?

चाकं वाळूवर होती. माझे हात अजून पाठीमागे होते.